ब्राझिलियनाइट ओळखायचं कसं आणि वर्गीकरणात बसवायचं कुठे: क्रमाने, चुकांसकट

पिवळा-पोपटी पारदर्शक स्फटिक हातात आला की बहुतेक जण आधी चाकूने ओरखडा काढतात, मग त्यावर ॲसिडचा थेंब टाकतात आणि शेवटी नेटवरचे फोटो जुळवून नाव ठरवतात. हा क्रम नेमका उलटा आहे. ओरखडा काढून झाल्यावर घनता मोजायची आठवण होते, तोवर खडा खराब झालेला असतो आणि माहिती मिळालेली असते जवळपास शून्य. दुसरी चूक वर्गीकरणाच्या टप्प्यावर होते, सूत्रात हायड्रोजन दिसला की "पाणी असलेलं फॉस्फेट" असं लिहून लोक मोकळे होतात आणि खनिज भलत्याच गटात जाऊन बसतं.

ब्राझिलियनाइट या दुर्मिळ फॉस्फेट खनिजाचे दोन तोतये आहेत आणि दोघं वेगवेगळ्या ठिकाणी फसवतात. मॉन्टेब्रासाइट घनतेत आणि रिफ्रॅक्टोमीटरवर (वक्रीभवनांक मोजणारं यंत्र) फसवतं, वॉर्डाइट केमिकल ॲनालिसिसमध्ये. त्यामुळे एकाच टेस्टवर भरवसा ठेवला की कुठला ना कुठला तोतया आत शिरतोच.

टप्पा १: तयारी

आधी कागदावर तिन्ही खनिजांची माहिती लिहून समोर ठेवा, कारण मोजून झाल्यावर आकडे शोधायला लागलं की हवा तोच आकडा सापडतो.

ब्राझिलियनाइट: सूत्रात सोडियम १, ॲल्युमिनियम ३, फॉस्फेट २, हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी, OH) ४. स्फटिक मोनोक्लिनिक (हे आणि खालचे ट्रायक्लिनिक, टेट्रागोनल हे स्फटिकरचनेचे प्रकार). हार्डनेस ५.५, घनता २.९८ च्या आसपास, वक्रीभवनांक (खनिज प्रकाश किती वाकवतं त्याचा आकडा) साधारण १.६०२, १.६०९ आणि १.६२१. कस (पावडरचा रंग) पांढरा, चमक काचेसारखी, एका दिशेने चांगलं क्लीव्हेज (ठराविक पातळीत सपाट फुटणं), बाकी तुटतं ते शिंपल्यासारखं.

मॉन्टेब्रासाइट: लिथियम १, ॲल्युमिनियम १, फॉस्फेट १, हायड्रॉक्सिल १. ट्रायक्लिनिक. हार्डनेस ५.५ ते ६, घनता २.९८ ते ३.०४, वक्रीभवनांक साधारण १.५९ ते १.६३ च्या पट्ट्यात.

वॉर्डाइट: ब्राझिलियनाइटचंच सूत्र, फक्त वर पाण्याचे २ रेणू. टेट्रागोनल. हार्डनेस ५, घनता २.८१ च्या आसपास, वक्रीभवनांक साधारण १.५९ ते १.६०.

सामान फार लागत नाही. १० पटीचं भिंग, ०.००१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा, डिस्टिल्ड पाणी, रिफ्रॅक्टोमीटर, ५ आणि ६ नंबरचे हार्डनेस पॉइंट. पुढच्या टप्प्यांना लॅब लागेल, पण तिथे जायच्या आधी घरच्या टेबलावर निम्मं काम होतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं: सॅम्पलचे दोन भाग करा. चांगला स्फटिक बाजूला ठेवा, त्यावर खराब करणारी एकही टेस्ट करायची नाही, आणि त्याच स्फटिकाचा तुटका कण टेस्टसाठी घ्या. त्याच स्फटिकाचा, डबीच्या तळाशी पडलेला कुठला पण चुरा नाही! ब्राझिलियनाइट पेग्मटाइटमध्ये (मोठमोठ्या स्फटिकांचा अग्निजन्य खडक) उशिरा तयार होतं आणि त्याच्यासोबत अल्बाइट, अभ्रक, क्वार्ट्झ, ॲपेटाइट अशी सगळी मंडळी एकाच मुठीएवढ्या तुकड्यात असतात. अल्बाइटचा कण टेस्ट करून "फॉस्फरस नाही" असा निकाल काढलेले लोक मी बघितलेत, आणि एकदा त्यांच्यात मी पण होतो.

*सावधान:* सॅम्पल कुठून आलंय माहीत नसेल तर आधी गायगर काउंटर (किरणोत्सर्ग मोजणारं यंत्र) फिरवा. ऑट्युनाइट, टॉर्बर्नाइट, मोनाझाइट ही पण फॉस्फेटच आहेत आणि त्यांच्यात युरेनियम किंवा थोरियम असतं. काउंटर वाजला तर कुटायचं, घासायचं काम तिथेच थांबवा.

टप्पा २: नुसतं बघणं

रंगावरून काहीही ठरवू नका. पोपटी-पिवळा रंग ॲपेटाइटला असतो, बेरिलला असतो, क्रायसोबेरिलला असतो, आणि ब्राझिलियनाइट जेव्हा पहिल्यांदा सापडलं तेव्हा त्याला चक्क क्रायसोबेरिलच समजले होते.

भिंगाखाली तीन गोष्टी बघा. एक, स्फटिकाच्या लांबीला समांतर रेघा आहेत का, ब्राझिलियनाइटला बऱ्याचदा असतात. दोन, कापल्यावर सहा कोनांचा दिसेल असा आकार आहे का, असेल तर ॲपेटाइट किंवा बेरिलकडे शंकेची सुई वळवा. तीन, क्लीव्हेज किती दिशांनी आहे. ब्राझिलियनाइटमध्ये एकच दिशा ठळक दिसते, मॉन्टेब्रासाइटमध्ये एकापेक्षा जास्त दिशांनी पायऱ्या पडलेल्या दिसतात. हा फरक तुटक्या कडेवर दिसतो, चकचकीत स्फटिकाच्या तोंडावर नाही, म्हणून तुटकी बाजू बघा.

यूव्ही टॉर्च मारून घ्यायला हरकत नाही, ब्राझिलियनाइट सहसा चमकत नाही. पण न चमकणारी खनिजं ढिगाने आहेत, त्यामुळे यातून फार काही हाती लागत नाही.

टप्पा ३: घनता

खडा हवेत तोला, मग बारीक दोऱ्याला लटकवून पाण्यात बुडवून तोला. हवेतल्या वजनाला दोन्ही वजनांच्या फरकाने भागा. समजा हवेत २.३८४ ग्रॅम आणि पाण्यात १.५८४ ग्रॅम, फरक ०.८०० ग्रॅम, म्हणून घनता २.९८.

सोपं वाटतं पण इथे तीन गोष्टी हमखास बिघडतात. खड्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे घनता कमी दाखवतात, त्यासाठी पाण्यात डिशवॉशचा अर्धा थेंब टाकायचा आणि खडा आधी ब्रशने ओला करून घ्यायचा. सोबतचा दगड चिकटलेला असेल तर तुम्ही दोन खनिजांची सरासरी मोजताय, त्या आकड्याला काही अर्थ नाही. तिसरी भानगड खड्याच्या साइझची. ०.२ ग्रॅमचा खडा असेल तर पाण्यातलं वजन फक्त ०.०६७ ग्रॅमने कमी होतं, आणि काटा ०.००१ ग्रॅमने जरी इकडेतिकडे झाला तरी उत्तर २.९४ पासून ३.०३ पर्यंत कुठेही येतं, म्हणजे मॉन्टेब्रासाइट पूर्ण आत. इतक्या छोट्या खड्यावर "घनता २.९८ आली, म्हणजे ब्राझिलियनाइटच" म्हणणं हा निव्वळ योगायोगावर विश्वास आहे.

*इथे तपासा:* ३.५ च्या वर आली तर टोपाझ किंवा क्रायसोबेरिल, २.७ च्या आसपास आली तर बेरिल, २.६५ आली तर क्वार्ट्झ. २.८ च्या आसपास असेल तर वॉर्डाइट डोक्यात ठेवा. २.९४ ते ३.०५ मध्ये असेल तरच ब्राझिलियनाइटची शक्यता धरून पुढे जा.

टप्पा ४: रिफ्रॅक्टोमीटर

सपाट, पॉलिश केलेला पृष्ठभाग हवा. रेघा असलेलं कच्चं तोंड ठेवलं तर पट्टीवर आकडा दाखवणारी सावलीची कड धूसर दिसते आणि मग माणूस मनाने आकडा टाकतो.

यंत्राच्या काचेवर त्याच्या लिक्विडचा छोटा थेंब, त्यावर खडा, आणि मग खडा थोडा थोडा फिरवत पूर्ण १८० अंश न्यायचा, दर वेळी खालचा आणि वरचा असे दोन आकडे लिहायचे. एका जागी ठेवून दोन आकडे घेणं आणि त्यांची वजाबाकी करून बायरेफ्रिन्जन्स (सर्वांत मोठ्या आणि सर्वांत छोट्या वक्रीभवनांकातला फरक) सांगणं ही इथली नंबर एकची चूक, कारण तो आकडा जवळजवळ नेहमी खऱ्यापेक्षा कमी येतो. सगळ्या वाचनांमधला सर्वांत मोठा आकडा वजा सर्वांत छोटा आकडा, तो खरा. ब्राझिलियनाइटला तो साधारण ०.०१९ ते ०.०२१ येतो.

याचं महत्त्व असं की टोपाझचे आकडे पण १.६१-१.६२ च्याच घरात असतात, पण त्याचा फरक फक्त ०.००८ ते ०.०१०. ॲपेटाइट १.६३-१.६४ च्या आसपास आणि फरक अगदीच किरकोळ. टूरमलिनचा फरक ०.०१८ ते ०.०२०, म्हणजे तो जुळेल, पण टूरमलिन फिरवताना एक कड जागेवरून हलत नाही, ब्राझिलियनाइटमध्ये दोन्ही कडा हलतात. मधला आकडा १.६०९ हा खालच्या १.६०२ ला जवळ आहे, अंतर ०.००७, आणि वरच्या १.६२१ पासून लांब, ०.०१२, म्हणजे खनिज प्रकाशाच्या गुणांनुसार 'बायॲक्सियल पॉझिटिव्ह' प्रकारातलं.

वॉर्डाइट इथेच बाद होतं. पण मॉन्टेब्रासाइट हसत हसत पास होतं! वक्रीभवनांकाचा पट्टा तोच, फरक पण ०.०२ च्या आसपास, आणि ते पण बायॲक्सियल पॉझिटिव्ह. त्यामुळे घनता आणि रिफ्रॅक्टोमीटर एवढ्यावर ज्यांनी लेबल छापलंय त्यांनी ते पेन्सिलने लिहायला हवं होतं.

टप्पा ५: हार्डनेस, तुटक्या कणावरच

चाकूचं पातं आणि काच दोन्ही ५.५ च्या आसपास, ब्राझिलियनाइट पण ५.५. म्हणजे चाकूने ओरखडा उठला काय आणि नाही उठला काय, कळत काहीच नाही. ६ नंबरच्या पॉइंटने ओरखडा उठायला हवा आणि ५ नंबरच्याने उठायला नको, एवढंच बघा. ओरखड्यावर बोट फिरवा, पुसला गेला तर तो पॉइंटचाच चुरा होता. मॉन्टेब्रासाइट यातून वेगळं पडेल अशी अपेक्षा ठेवू नका.

टप्पा ६: फॉस्फेट आहे का, मॉलिब्डेट टेस्ट

जास्तीत जास्त चुकीचे निकाल या टेस्टमधून येतात.

ॲसिडचा थेंब टाकून फसफस झाली नाही म्हणून "कार्बोनेट नाही, म्हणजे फॉस्फेट" असं होत नाही, फसफस न होणारी खनिजं शेकड्याने आहेत. फॉस्फेटची खरी टेस्ट म्हणजे खनिज नायट्रिक ॲसिडमध्ये विरघळवायचं, गाळायचं, आणि ते द्रावण भरपूर अमोनियम मॉलिब्डेटमध्ये थोडं थोडं टाकून ६० अंश सेल्सिअसच्या आसपास कोमट ठेवायचं. फॉस्फेट असेल तर हळदीसारखा पिवळा बारीक साका खाली बसतो.

*सावधान:* नायट्रिक ॲसिड तापवायचं ते फ्यूमहूडमध्येच, ग्लोव्हज आणि गॉगल लावून. किचनच्या ओट्यावर नाही.

आता अडचण अशी की ॲपेटाइट नायट्रिकमध्ये मुकाट विरघळतं, पण ॲल्युमिनियमची फॉस्फेटं हट्टी असतात. पावडर तळाशी तशीच पडून राहते, द्रावणात फॉस्फरस उतरतच नाही, साका येत नाही, आणि माणूस लिहून टाकतो "फॉस्फेट नाही". म्हणून ब्राझिलियनाइटची शंका असेल तर पावडर आधी सोडियम कार्बोनेटसोबत वितळवून घ्यायची, थंड झाल्यावर नायट्रिक ॲसिडमध्ये विरघळवायची, आणि मगच मॉलिब्डेट. पावडर विरघळलीच नसेल तर निगेटिव्ह निकाल हा निकालच नाही.

उलट्या बाजूने पण फसगत होते. आर्सेनेट पण असाच पिवळा साका देतं, फक्त त्याला जास्त उष्णता लागते, म्हणून उकळवायचं नाही. जास्त तापवलं तर मॉलिब्डेटमधूनच पांढरा साका पडतो, तो वेगळाच घोळ. सिलिका असेल तर द्रावण पिवळं होतं पण खाली साका बसत नाही, त्यामुळे रंग बघून खूश होऊ नका, साका बसू द्या.

*इथे तपासा:* सोबत दोन नळ्या चालवा, एकात खात्रीचं ॲपेटाइट, एकात नुसती केमिकल्स. ॲपेटाइटच्या नळीत साका नाही आला तर मॉलिब्डेट खराब आहे, नुसत्या केमिकल्सच्या नळीत आला तर भांडं घाण आहे. ज्यांना ईडीएस मशीन (इलेक्ट्रॉन बीम मारून निघणाऱ्या एक्स-रेवरून मूलद्रव्यं ओळखणारं) मिळतंय त्यांनी हा टप्पा सरळ सोडला तरी चालेल.

टप्पा ७: ईडीएस किंवा मायक्रोप्रोब

मायक्रोप्रोब पण इलेक्ट्रॉन बीमनेच मूलद्रव्यं मोजतं. लॅबला कण देताना एक गोष्ट आवर्जून सांगा, सोन्याचं कोटिंग नको, कार्बनचं करा. फॉस्फरसची एक्स-रे रेघ २.०१ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला येते आणि सोन्याची २.१२ ला, दोन्ही एकमेकांत मिसळतात. झिर्कोनियमची २.०४ ची रेघ पण तिथेच. सोडियमचं पण तसंच, त्याची रेघ १.०४ ला आणि जस्ताची १.०१ ला, त्यामुळे होपाइट किंवा फॉस्फोफिलाइटसारख्या जस्ताच्या फॉस्फेटमध्ये सॉफ्टवेअर बिनधास्त सोडियम दाखवतं. ८.६४ ला जस्ताची दुसरी रेघ आहे का बघा, असेल तर तो सोडियम खरा आहे की नाही ते पुन्हा तपासा.

सोडियम बीमखाली पळतो, हे पण लक्षात असू द्या. बीम पसरट ठेवायचा आणि सोडियम सगळ्यात आधी मोजायचा, नाहीतर तो कमी येतो.

रिपोर्ट हातात आला की लोक वजनाच्या टक्क्यांकडे बघून "सोडियम, ॲल्युमिनियम, फॉस्फरस १:३:२ येत नाही" म्हणून निराश होतात. येणारच नाही! वजनाने ते साधारण १ : ३.५ : २.७ असतं, अणूंच्या संख्येने १:३:२. हिशोब असा करायचा, आदर्श ब्राझिलियनाइटचे आकडे घेऊन बघा: सोडियम ऑक्साइड ८.५६ टक्के, ॲल्युमिनियम ऑक्साइड ४२.२६, फॉस्फरस पेंटॉक्साइड ३९.२२, पाणी ९.९६. प्रत्येकाला त्याच्या रेणुभाराने भागा, म्हणजे ८.५६ भागिले ६१.९८ बरोबर ०.१३८१, ४२.२६ भागिले १०१.९६ बरोबर ०.४१४५, ३९.२२ भागिले १४१.९४ बरोबर ०.२७६३. एका ऑक्साइडमध्ये त्या मूलद्रव्याचे २ अणू आहेत म्हणून प्रत्येक आकडा दुप्पट करा: ०.२७६, ०.८२९, ०.५५३. आता फॉस्फरस २ होईल अशा पटीने सगळ्यांना गुणा, म्हणजे ३.६२ ने. सोडियम १, ॲल्युमिनियम ३, फॉस्फरस २. दुप्पट करायचं विसरणं ही नेहमीची चूक, आणि इथे तिन्ही ऑक्साइडमध्ये २-२ अणू असल्यामुळे ती लपून जाते, पण मॅग्नेशियम किंवा कॅल्शियम असलेल्या खनिजात तीच चूक उघडी पडते.

मॉन्टेब्रासाइट इथे आपोआप बाहेर पडतं. त्यात सोडियम नसतो, ॲल्युमिनियम आणि फॉस्फरस १:१, आणि लिथियम ईडीएसला दिसतच नाही. तर "ॲल्युमिनियम, फॉस्फरस, ऑक्सिजन, बाकी काही नाही" असा रिपोर्ट आला तर लिथियमची शंका घ्या.

वॉर्डाइट मात्र इथे पास होतं, कारण त्याचं पण प्रमाण १:३:२ च. फरक फक्त पाण्यात, आणि हायड्रोजन मायक्रोप्रोबला दिसत नाही. ऑक्साइडांच्या टक्क्यांची बेरीज ब्राझिलियनाइटमध्ये साधारण ९० टक्के यायला हवी आणि वॉर्डाइटची ८२ च्या आसपास. म्हणून रिपोर्टमधली बेरीज सॉफ्टवेअरला १०० करू देऊ नका, ते बटण बंद करायला सांगा, नाहीतर उरलेला एकमेव पुरावा पण पुसला जातो. तरी बेरीज हा इशारा समजायचा, कारण व्हॅक्यूममध्ये आणि बीमखाली वॉर्डाइटचं पाणी उडतं आणि बेरीज ८२ वरून वर सरकते.

टप्पा ८: हायड्रॉक्सिल की पाणी

बंद नळीत तापवून वर पाण्याचे थेंब जमले म्हणून पाणी असलेलं खनिज, हा निष्कर्ष चूक आहे. हायड्रॉक्सिल असलेलं खनिज जोरात तापवलं तरी पाणीच बाहेर पडतं. दोघांच्या नळीत थेंब येणार.

इन्फ्रारेड स्पेक्ट्रम घ्या. १६३० सेमी⁻¹ च्या आसपास पाण्याच्या रेणूचा पट्टा असतो, नुसत्या हायड्रॉक्सिलला तो नसतो. पण पोटॅशियम ब्रोमाइडची गोळी करून मोजत असाल तर ती पावडर हवेतला ओलावा ओढते आणि १६३० ला खोटा पट्टा दाखवते, त्यामुळे एटीआर पद्धत (गोळी न करता पावडर थेट मोजायची) बरी. थर्मल ॲनालिसिस (तापवत तापवत वजन मोजणं) असेल तर वजन साधारण १० टक्के घटतं की १८, ते बघा.

एक्सआरडी (एक्स-रेने स्फटिकाची आतली रचना ओळखणारी टेस्ट) मिळत असेल तर तेच करा, तिन्ही खनिजांची रचना वेगळी असल्यामुळे वाद तिथे संपतो. फक्त पावडर नीट बारीक करा, क्लीव्हेजमुळे कण एकाच दिशेने आडवे पडतात आणि रेघांची तीव्रता बिघडते. आधी रेघांच्या जागा जुळवा, उंची नंतर.

टप्पा ९: वर्गात बसवणं

निकेल-स्ट्रुंझ या खनिज वर्गीकरणाच्या पद्धतीत प्रश्न याच क्रमाने विचारायचे, मधला प्रश्न सोडून पुढे जायचं नाही.

मुख्य ॲनायन (ऋण भाराचा आयन) फॉस्फेट, म्हणून वर्ग ८. फॉस्फेटशिवाय आणखी ॲनायन आहे का? आहे, हायड्रॉक्सिल. पाण्याचे रेणू आहेत का? नाहीत. म्हणून ८.बी. आता कॅटायन (धन भाराचे आयन): आकाराने ॲल्युमिनियम मध्यम, सोडियम मोठा, दोन्ही आहेत. हायड्रॉक्सिल आणि फॉस्फेटचं प्रमाण ४:२, म्हणजे २:१. यावरून ८.बीके, आणि पूर्ण कोड ८.बीके.०५. इथे लोक हायड्रॉक्सिलचा ४ बघून प्रमाण ४:१ धरतात, फॉस्फेट २ आहेत हे विसरतात.

मॉन्टेब्रासाइटमध्ये प्रमाण १:१ आणि मोठा कॅटायन नाही, म्हणून ते ८.बीबी मध्ये. वॉर्डाइटमध्ये जादा ॲनायन पण आहे आणि पाणी पण, म्हणून ते ८.डी मध्ये. डेना या दुसऱ्या वर्गीकरण पद्धतीत पाणी नसण्या-असण्याचा तोच फरक ४१ आणि ४२ या वर्गांमध्ये दिसतो.

*सावधान:* सूत्रातला प्रत्येक हायड्रोजन म्हणजे हायड्रॉक्सिल नाही. ब्रशाइटमध्ये हायड्रोजन फॉस्फेटलाच जोडलेला असतो, तो जादा ॲनायन धरायचा नाही, म्हणून पाणी असूनही ब्रशाइट ८.सी मध्ये जातं, ८.डी मध्ये नाही.

टप्पा १०: लेबल

नाव, सूत्र, कोड, ठिकाण, आणि कुठल्या टेस्टवरून ठरवलं ते. नुसती घनता आणि वक्रीभवनांक केला असेल तर "ब्राझिलियनाइट किंवा मॉन्टेब्रासाइट" असंच लिहा, त्यात कमीपणा नाही. जुन्या लेबलवर "ॲम्ब्लिगोनाइट" असेल तर ते पण तपासा, हायड्रॉक्सिलपेक्षा फ्लोरिन जास्त असेल तरच ॲम्ब्लिगोनाइट, आणि त्या नावाने फिरणारे बरेच खडे प्रत्यक्षात मॉन्टेब्रासाइट निघतात.

नाव ब्राझिलियनाइट आहे म्हणून ठिकाणाच्या रकान्यात ब्राझील लिहू नका. मूळ ठिकाण मिनास जेराइसमधलं कोरेगो फ्रिओ हे खरं, पण अमेरिकेत न्यू हॅम्पशायरच्या पालेर्मो खाणीत पण ते सापडलंय. ठिकाण माहीत नसेल तर रकाना रिकामा ठेवा. सोबत आलेलं जुनं लेबल चुकीचं असलं तरी त्याच डबीत राहू द्या, ठिकाणाचा धागा बहुतेक वेळा तिथेच असतो. आणि स्फटिक डबीत घालण्याआधी धुवायचा तर साध्या कोमट पाण्याने आणि मऊ ब्रशने, अल्ट्रासॉनिक आणि वाफ दोन्ही नको, तो ठिसूळ आहे आणि तापवलं की रंग फिका पडतो.